सूनबाईचा टाका

माईने उभा जन्म हॉस्पिटलच्या धुलाईघरात इस्त्री करण्यात काढला होता. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे पांढरे कोट, सगळं तिच्या हाताखालून गेलेलं. वाफ, चटके आणि तापलेलं लोखंड यांच्याबद्दल आपल्याला कुणी नव्याने काही सांगू नये, असं तिचं ठाम मत होतं. तशी माईची सगळीच मतं ठाम असत. सुनेबद्दलचंही एक होतं: पोरगी मनाने चांगली, पण हाताने धांदरट. लग्न होऊन आल्यापासून तिच्या हातून इतकी भांडी निसटली होती की घरात कान शाबूत असलेला कप औषधालाही उरला नव्हता.

ही सूनबाई चपलांच्या दुकानात कामाला होती. ते दुकान बंद पडलं तेव्हा तिची मुलगी नुकती बसायला लागली होती. मुलगी गुटगुटीत, म्हणून सगळे तिला ठमी म्हणत. माईचा मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. आज इथे तर परवा तिथे, स्वतःच्या घरी यायचा तोही पाहुण्यासारखा. सूनबाई रोज सकाळी नवं काम शोधायला बाहेर पडायची आणि दुपारी तोंड पाडून परत यायची. एक दिवस मात्र ती आली ती चेहऱ्यावर वेगळंच काही घेऊन. शहराच्या टोकाला कारागिरांना शिकवणारं जे केंद्र आहे, तिथे वेल्डिंगच्या वर्गात आपण नाव घातलं, असं तिने चपला काढता काढता सांगितलं.

माईला आधी वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. मग वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. जिला कपबशी धड धरता येत नाही, ती आग धरणार! तिने ताबडतोब मुलाला फोन लावला. मुलगा कुठल्याशा नाक्यावर रांगेत उभा होता. तो पोटभर हसला आणि म्हणाला, करू दे की तिला, माझ्या ट्रकचं काहीबाही तुटतच असतं, घरचाच माणूस झाला तर बरं. आपल्या पोटचा पोरगाच असं म्हणाल्यावर माई काय बोलणार?

पण एक अडचण होती. ठमी अजून अंगावर पीत होती आणि केंद्र घरापासून लांब. सूनबाईने भीत भीत विचारलं, तुम्ही ठमीला घेऊन बरोबर याल का? वर्कशॉपला लागून एक खोली आहे, तिथे बसता येईल. माईने जरा आढेवेढे घेतले आणि हो म्हटलं. तिचा आपला सरळ हिशोब होता. नव्याचे नऊ दिवस. दहाव्या दिवशी पोरगी आपणहून घरी बसेल, आणि तेव्हा "मी म्हटलंच होतं" म्हणायला आपण तिथे हजर असलेलं बरं.

ती खोली कसली, अडगळच होती. एक बाक, एक पंखा, भिंतीला टेकवलेल्या मोडक्या खुर्च्या. पण सतरंजी अंथरायला जागा होती. पलीकडे वर्कशॉप. मधल्या दाराला जाड, गडद रंगाचा पडदा लावलेला. शिकवणारे मास्तर पहिल्याच दिवशी येऊन सांगून गेले की पडदा सरकवायचा नाही, आणि चुकून सरकलाच तर उजेडाकडे बघायचं नाही, बाळाला तर मुळीच बघू द्यायचं नाही. मास्तर बुटके, रुंद खांद्याचे, बोलणं अगदी हळू. सुनेला त्यांनी आणखी एक नेम घालून दिला होता: बाळाला घ्यायच्या आधी हातपाय, तोंड, मान सगळं साबणाने धुवायचं आणि कामाचे कपडे बदलायचे. माईला हे मनातून पटलं, पण तिने तसं दाखवलं नाही.

दिवसभर पडद्याआडून आवाज येत राहायचे. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी चर्रचर्र, मधेच ग्राइंडरची किंकाळी, मधेच हातोडीची टकटक. पडद्याच्या फटीतून छतावर निळसर उजेड थरथरायचा, वीज चमकून जावी तसा. ठमी हात वर करून तो उजेड पकडायला बघायची आणि माई तिचं तोंड दुसरीकडे वळवायची.

सूनबाईची सुरुवात माईच्या अंदाजाप्रमाणेच झाली. जोड भरायला वितळवायचा तो रॉड पत्र्याला लावला की तिथेच चिकटून बसायचा. ओढून काढला की दुसऱ्यांदा चिकटायचा. वर्गातला एक जण आधी बेकरीत पाव भाजायचा, त्याला सगळे पाववाला म्हणत. त्याचं दोन दिवसांत जमलं. सूनबाई मात्र दुपारी बाहेर यायची ती घामाने निथळत, आणि जोडलेले तुकडे माईला दाखवायची. कोंबडीने उकिरडा उकरावा तशी त्यावर लोखंडाची ढेकळं. माई तुकडा उलटसुलट करून बघायची, आणि "हं" म्हणायची. त्या एका "हं"मध्ये ती काय काय भरायची ते सूनबाईला बरोबर कळायचं.

नऊ दिवस झाले, महिना झाला, पोरगी काही घरी बसेना.

मग तो डोळ्यांचा प्रकार झाला. सूनबाईने गडद काचेचं हेल्मेट तोंडावर ओढायच्या आतच शेजारी पाववाल्याने रॉड पेटवला. एकदा नव्हे, त्या दिवशी दोन-तीनदा तसंच झालं. तिला तेव्हा काही वाटलं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र डोळ्यांत मूठभर वाळू कोंबल्यासारखं व्हायला लागलं. पापणी उघडेना, पाणी थांबेना. शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि सांगितलं, दोन दिवसांत उतरेल, अंधारात पडून राहा. माईने खिडक्यांना चादरी लावल्या. गार पाण्यात फडकं बुडवून सुनेच्या डोळ्यांवर ठेवलं. ठमी आईच्या पोटावर पालथी पडून तिच्या नाकाशी खेळत होती.

माईला आता बोलायला हक्काची जागा मिळाली होती, आणि ती बोलली. डोळे गेले तर काय करणार, लेकराचं तोंड कसं बघणार, हौसेलाही काही मर्यादा असते की नाही, बायकांना दुसरी कामं का नाहीत. सगळं बोलून झाल्यावर म्हणाली, "सोड आता. झालं तेवढं पुरे."

सूनबाईने फडक्याखालून सगळं ऐकून घेतलं. उलट बोलायची तिला सवय नव्हती.

"माई, तुम्ही एकदा बघा," ती म्हणाली. "हेल्मेटच्या काचेतून एकदाच बघा. मग सोड म्हणालात तर मी सोडते."

माईला ते उत्तर अपेक्षित नव्हतं. रडली असती, भांडली असती, तर माईकडे त्यावर उतारा होता. यावर नव्हता. आणि मनातल्या मनात तिला हेही माहीत होतं की इतके दिवस पडद्याशेजारी बसून पलीकडे काय चालतं ते आपण पाहिलेलंच नाही. तिने "बघू" म्हटलं आणि फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं.

डोळे बरे झाल्यावर सूनबाई पुन्हा जायला लागली, आणि माईने मास्तरांना गाठलं. मला एकदा आत बघायचंय, म्हणाली. तिला वाटलं होतं, हा माणूस नाही म्हणेल आणि सुटका होईल. मास्तरांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि कपाटातून कातडी कोट काढला. कोट इतका जड की माईला तो घातल्यावर कुणीतरी खांद्यावर बसल्यासारखं वाटलं. हातमोजे कोपरापर्यंत. डोक्यावर हेल्मेट. ऑफिसमधल्या बाईंनी ठमीला मांडीवर घेतलं. ठमीने आजीचा तो अवतार पाहिला आणि भोकाड पसरलं.

सूनबाई एका लोखंडी टेबलापुढे बसली होती. मास्तरांनी माईला तिच्या उजव्या खांद्यामागे उभं केलं आणि काय होणार ते समजावलं. हेल्मेट खाली केल्यावर काही म्हणजे काही दिसणार नाही. घाबरायचं नाही, हलायचं नाही. ती पेटवेल तेव्हा दिसेल.

हेल्मेट खाली आलं आणि जग विझलं. माईने आयुष्यात बराच अंधार पाहिला होता, पण हा वेगळाच होता. डोळे उघडे आहेत की मिटलेले तेही कळेना. स्वतःचाच श्वास कानाशी घुमायला लागला. आपण उगाच आलो, असा विचार तिच्या मनात येतो न येतो तोच समोर एक ठिणगी झाली आणि अंधाराच्या ऐन मधोमध एक इवलासा सूर्य उगवला.

हिरवट काचेत तो अगदी शांत दिसत होता. बाहेर छतावर जो उजेड पिसाटासारखा नाचायचा, तो हाच, यावर तिचा विश्वास बसेना. त्याच्याभोवती वीतभर जागा उजळली होती, बाकी सगळीकडे काळोख. आणि त्या उजेडाखाली लोखंड वितळत होतं. माईला वाटत होतं, लोखंड तापून लाल होईल, फार तर मऊ होईल. पण हा तर रस होता. चकचकीत, जिवंत, नखाएवढं तळं. त्याच्या कडा थरथरत होत्या. पुढच्या बाजूला घट्ट लोखंड त्यात विरघळत होतं, मागच्या बाजूला तोच रस गोठत होता, आणि गोठताना त्यावर एकामागून एक नाजूक लाटा उमटत होत्या, ओल्या वाळूवर उमटतात तशा. दोन पट्ट्यांमधली फट त्या तळ्यात शिरत होती आणि मागून बाहेरच पडत नव्हती. दोनाचं एक होत होतं, तिच्या डोळ्यांदेखत.

जन्मभर इस्त्री धरलेल्या हाताला लोखंड कसं असतं ते माहीत होतं. जड, हट्टी, आपण वाकू पण ते वाकणार नाही असं. ते असं पाण्यासारखं होऊन कुणाच्या मागे मागे चालताना तिने कधी पाहिलं नव्हतं. पाहायचं तर सोडाच, असं काही होत असेल अशी कल्पनाही तिला आली नव्हती. आणि ते चालत होतं सूनबाईच्या हाताच्या मागे.

तेव्हा कुठे माईचं लक्ष त्या हाताकडे गेलं. उजेडाच्या काठाला हातमोज्याची बोटं दिसत होती. रॉड जळून आखूड होत होता आणि हात तितकाच खाली उतरत होता, इतका सावकाश की उतरतोय हे समजू नये. तळं जरा पसरलं की हात किंचित पुढे, आकसलं की तिथेच. कुठे घाई नाही, कुठे थरथर नाही. हाच तो कप फोडणारा हात? आपल्या घरात इतकी वर्षं वावरणारी ही पोरगी नक्की कोण आहे, असा प्रश्न माईला पडला. ठमीचं रडणं, पाय दुखणं, कोटाचं ओझं, सगळं ती विसरली होती.

रॉड संपला. सूर्य मावळला. काळोखात फक्त एक लालबुंद रेघ उरली, तीही हळूहळू विझली.

हेल्मेट वर केल्यावर वर्कशॉप भलतंच साधं दिसायला लागलं. टेबलावर एक काळपट पट्टी पडली होती. तेवढ्यात बारीक टिकटिक आवाज झाला, आणि जोडावर गोठलेल्या मळीची राखाडी खपली एका टोकाकडून आपोआप उचलली गेली, वळली, आणि सापाने कात टाकावी तशी सुटून बाजूला पडली. खाली लख्ख चकचकीत टाका, ओळीने बसलेल्या त्या लाटांचा. सूनबाई स्वतःच बघत राहिली. मास्तरांनी हळू आवाजात सांगितलं की टाका नीट पडला की असं होतं, खपली काढायला हातोडी लागतच नाही. तिचं हे असं पहिल्यांदाच झालं होतं.

सूनबाईने दोनदा माईकडे पाहिलं. माईने कोट उतरवला, ठमीला घेतलं, बाकावर जाऊन बसली, आणि घरी पोचेपर्यंत तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. माई इतका वेळ गप्प होती याचीच सूनबाईला धास्ती वाटायला लागली. शेवटी दार उघडताना माई म्हणाली,

"उद्या जरा लवकर निघू. तुला सरावाला वेळ मिळेल."

त्यानंतर घरात वेल्डिंगचं राज्य आलं. डोक्यावरचा टाका घालायला शिकायचं होतं, म्हणजे पट्टी वर आणि आपण खाली. मान वर करून हात स्थिर ठेवायचा. सूनबाई स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली उताणी झोपायची, हातात लाकडी चमच्याला बांधलेली पेन्सिल, आणि टेबलाच्या उलट्या अंगावर रेघा ओढायची. माई शेजारी गुडघ्यांवर बसून रेघ वाकडी गेली की सांगायची. ठमीला हा खेळ फार आवडला. मुलगा एकदा अचानक घरी आला, तर आई, बायको आणि मुलगी तिघीही टेबलाखाली. त्याने काहीही न विचारता स्वतःच चहा करून घेतला.

माईने एकदा मास्तरांकडे हट्ट धरून स्वतःही रॉड पेटवून पाहिला. तो चिकटला. ओढला, पुन्हा चिकटला. लोखंड मी धरलंय की लोखंडाने मला धरलंय, असं म्हणत तिने रॉडचा होल्डर परत केला, आणि नंतर सुनेचे ते पहिले ढेकळांचे तुकडे कुठे गेले म्हणून शोधायला लागली. ते भंगारात गेले होते. तिला उगाच चुटपुट लागली.

परीक्षेच्या दिवशी माई ठमीला कडेवर घेऊन वर्कशॉपच्या दाराशी उभी होती. परीक्षा बघायला साधी आणि सोसायला कठीण. जोडलेल्या पट्ट्या कापून त्यांच्या फिती काढायच्या, घासून गुळगुळीत करायच्या, आणि यंत्रात घालून जोडाच्याच जागी दुमडायच्या, दोन्ही टोकं एकमेकांसमोर येईपर्यंत. जोड सच्चा असेल तर लोखंड वाकेल, पण उघडणार नाही.

पाववाल्याच्या फिती वाकल्या. सूनबाईची पहिली वाकली. दुसरी वाकता वाकता कट्‌ असा आवाज झाला आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला तांदळाच्या दाण्याएवढं तोंड उघडलं. आत काळा ठिपका. जोड थरावर थर देऊन भरायचा असतो; आधीच्या थराची खपली नीट खरवडली नव्हती, ती आतच अडकून राहिली होती.

सूनबाईने मान खाली घातली. माईला मात्र राहवलं नाही. एवढ्याशा कणासाठी कुणी माणूस नापास करतं का, बाकीचा सगळा टाका किती सुरेख आहे, असं तिने मास्तरांना विचारलं. मास्तर रागावले नाहीत. त्यांनी ती फीत तिच्या तळहातावर ठेवली.

"माई, याच्याखाली माणसं उभी राहतात," ते म्हणाले. "त्यांना आतलं दिसत नाही. आपल्यालाही दिसत नाही. म्हणून वाकवून बघायचं."

माईने ती फीत बराच वेळ हातात धरली. तिला हॉस्पिटल आठवलं नाही की स्वतःचं काही आठवलं नाही. तिला फक्त त्या बुटक्या माणसाचा आणि त्याच्या कामाचा दरारा वाटला, देवळात न बोलता वाटतो तसा. तिने फीत परत दिली आणि सुनेला सांगितलं की पुढच्या खेपेला दर थरानंतर ब्रश मार, आणि मारून झाल्यावर आणखी एकदा मार.

पुढची खेप काही आठवड्यांनी आली. माई या वेळी बोलणार नव्हती, तसा तिने कानाला खडा लावला होता. यंत्राचा दट्ट्या खाली आला. फीत वाकायला लागली. बोटभर जाडीचं लोखंड, पण घडी घालावी तसं मुकाट्याने दुमडत गेलं. जोडाची जागा ताणली, चकाकली, आणखी ताणली. वर्कशॉपमध्ये सगळे आपापलं काम सोडून जवळ आले होते. दोन्ही टोकं समोरासमोर आली आणि यंत्र थांबलं. मास्तरांनी फीत खिडकीपाशी नेली, भिंग लावलं, अंगठा फिरवला. मग दुसरी. मग तिसरी. मग चौथी. एकाही फितीवर केसाएवढी रेघ नव्हती. जोड नेमका कुठे होता तेच माईला सापडेना. तिने विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, आता तो वेगळा शोधायचा नाही, तो आता लोखंडच आहे.

सूनबाई तिथेच उकिडवी बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडली. पाववाल्याने तिला पाणी आणून दिलं.

तिला काम लागलं ते पवनचक्क्यांचे खांब बनवणाऱ्या कारखान्यात. खांबाच्या आतून वरपर्यंत शिडी जाते; त्या शिडीचे आधार भिंतीला जोडायचं काम तिच्याकडे आलं. वर्ष उलटल्यावर कारखान्याने घरच्या माणसांना आत येऊन बघायला बोलावलं. मुलगा सुट्टी घेऊन आला. माईने ठेवणीतले कपडे घातले. ठमी आता चालत होती, चालत कसली, धावतच होती.

खांबाचा एक तुकडा शेडमध्ये आडवा ठेवला होता. माईची कल्पना होती, खांब म्हणजे खांब, विजेच्या दिव्याचा असतो त्याहून थोडा मोठा. ती त्याच्या तोंडाशी आली आणि थबकली. आत मुलाचा ट्रक सहज गेला असता. पलीकडचं तोंड लांबवर, बशीएवढं, उजेडाने भरलेलं. असे कितीतरी तुकडे एकावर एक चढतात तेव्हा एक खांब होतो, सूनबाईने सांगितलं. ती कामाच्याच कपड्यांत होती, हेल्मेट काखेत. तिने आत नेऊन एका आधारावर हात ठेवला. हा माझा, म्हणाली. मग पुढचा, तोही माझा. त्यापुढचे सगळेच. माईने वाकून पाहिलं. रंगाखालीही टाक्याच्या लाटा बोटांना लागत होत्या. मुलगा एक हात आधारावर ठेवून बायकोकडे असं बघत होता की जणू आजच तिला बघायला आला होता.

"यावरून माणसं वर चढतात?" माईने विचारलं.

"रोज," सूनबाई म्हणाली. "परवा किनाऱ्यावरच्या उभ्या खांबावर मीपण चढून आले. वरून समुद्र दिसतो."

माई पुढे काही विचारणार, तेवढ्यात ठमी तिचा हात सोडून आत पळाली. थोडं अंतर गेल्यावर तिला आपल्याच पावलांचा आवाज ऐकू आला असावा. ती थांबली. मान वर करून तिने ते गोल, उंच लोखंडी आभाळ बघितलं, आणि पोटाच्या देठापासून एक आरोळी ठोकली. आरोळी खांबभर गेली, पलीकडच्या तोंडापर्यंत जाऊन फिरली, भिंतींना लागत लागत परत आली, आणि येताना मोठी होऊन आली. शेडमधले कामगार वळून बघायला लागले. ठमी डोळे विस्फारून ऐकत राहिली. मग तिने पुन्हा श्वास भरून घेतला, आणि या वेळी तिच्या मागे उभ्या असलेल्या माईनेही घेतला.